गुडघा, चाल आणि ‘झीज’ हा शब्द

हैदराबादेत गुडघे तीन-चार भाषांतून दुखतात, पण दुखण्याचे कारण सगळ्या भाषा एकच सांगतात. काचीगुडा, सुलतान बाजार, शालीबंडा या भागांतल्या मराठी घरांत ‘वाटी झिजली’ म्हणतात. शेजारचे तेलुगू कुटुंब ‘गुज्जु अरिगिपोयिंदि’ म्हणते. गुज्जु म्हणजे गर, आतला मऊ भाग. तो घासून संपला. जुन्या शहरातल्या दखनीत ‘घुटने घिस गए’ किंवा ‘ग्रीस सूख गया’. डॉक्टरांच्या इंग्रजीत ‘वेअर अँड टेअर’. या शहरात मी बरीच वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. इतक्या भाषांचे एखाद्या गोष्टीवर एकमत झालेले मी क्वचितच पाहिले आहे, आणि ज्या गोष्टीवर झाले ती अर्धीमुर्धीच खरी आहे.

ऐकलेला शब्द माणसाच्या पायात उतरतो. गुडघा ‘झिजला’ म्हटले की डोळ्यांपुढे टायर येतो, चपलेचा तळ येतो. जे वापराने झिजते ते कमी वापरले की जास्त टिकते, हा त्यापुढचा सरळ हिशेब. मग निवृत्त शिक्षिका आधी जिना टाळतात, नंतर मंडई, नंतर संध्याकाळचे फिरणे, आणि शेवटी व्याख्यानाला येणेही सोडतात. (आपल्या मंडळींचे इतके कार्यक्रम लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच का असतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) गुडघा जपता जपता माणूस घरात बसतो, मांडीचे स्नायू सुकतात, वजन वाढते, आणि जपलेला गुडघा पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागतो. चालणे आणि गुडघ्याची वेदना यांचे खरे नाते ‘झीज’ या शब्दात मावत नाही. ते कसे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपला जुना शब्द ‘संधिवात’. चरकसंहितेत संधिगत वाताची ओळख दोन खुणांनी सांगितली आहे: हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा हाताला लागणारा फुगवटा, आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना. वाताची उपपत्ती बाजूला ठेवली तरी निरीक्षण चोख आहे. सूज आणि हालचालीतले दुखणे, इतकेच त्यात आहे. झिजण्याची कल्पना लोकांच्या मनात पक्की झाली ती मुख्यतः एक्स-रेमुळे. १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी गुडघ्याच्या एक्स-रेची शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली, आणि आजही रुग्ण ‘माझी तिसरी ग्रेड आहे’ असे इयत्ता सांगावी तसे सांगतात. वास्तविक साध्या एक्स-रेत कूर्चा (शालेय पुस्तकांतली कास्थी) दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती अरुंद झाली की मधला थर पातळ झाला, असे अनुमान काढायचे.

त्या फटीचा आणि वेदनेचा मेळ मात्र नीट बसत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ६३ वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांचे गुडघे तपासले गेले. १९८७ साली ते निष्कर्ष छापले गेले. एक्स-रेत संधिवाताची चिन्हे सुमारे ३३ टक्के लोकांत होती. चिन्हेही आहेत आणि त्रासही आहे, अशी माणसे होती ९.५ टक्के. म्हणजे चित्रात ‘झिजलेल्या’ गुडघ्यांपैकी बहुतेक गुडघे तक्रार न करता चालत होते. याचे एक कारण शरीररचनेतच आहे. कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखते ते आसपासचे: कूर्चेखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर, भोवतालची पिशवी, अस्थिबंध, वाटीखालची चरबीची गादी. आणि वाटी, जिच्यावर मराठीत सगळा आळ येतो, ती मांडीच्या स्नायूच्या कंडऱ्यात बसलेले एक वेगळेच हाड आहे.

आता चालीकडे येऊ. एका पायाचा टाच टेकण्यापासून पुन्हा टाच टेकेपर्यंतचा जो फेरा, त्यात तो पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. टाच टेकल्यावर लगेच निरोगी गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला लगाम घालत ठेवतो. स्कूटरच्या शॉकअब्सॉर्बरचे काम ते हेच. त्या क्षणी गुडघ्यावर किती भार येतो, हे एके काळी गणितानेच काढावे लागे. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मोजणी करणारी यंत्रणा बसवली आणि २०१० साली पाच रुग्णांच्या गुडघ्यांतले प्रत्यक्ष आकडे दिले. दोन्ही पायांवर उभे राहिल्यावर एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाइतका, म्हणजे १०७ टक्के भार येतो. सपाट चालताना २६१ टक्के, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. साठ किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर सपाट रस्त्यावर प्रत्येक पावलाला सुमारे १५७ किलो, आणि जिना उतरताना २०८ किलो. इतका भार येतो कुठून? वजन वरून येते, पण तोल सावरण्यासाठी स्नायू सांध्याला दोन्ही बाजूंनी आवळतात, त्याची भर मोठी असते. गोवळकोंड्याचा बालाहिसार चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघे बोलतात, त्याचे स्पष्टीकरण या आकड्यांत आहे.

हा भार गुडघ्यात सारखा वाटला जात नाही. एका पायावर उभे असताना धडाचा मध्य त्या पायाच्या आतल्या बाजूला असतो. जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या मध्यातून न जाता थोडा आतून जातो, आणि गुडघ्याला बाहेर ढकलू पाहतो. या ढकलण्याला मी इथे ‘झोक’ म्हणते. झोकामुळे गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा बराच जास्त भार पडतो, आणि म्हणूनच बहुतेकांचा संधिवात आतल्या बाजूला सुरू होतो. पाय फेंगडे असले तर झोक वाढतो. झोक वाढला की आतली बाजू आणखी खचते, पाय आणखी फेंगडे होतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अठरा महिने पाठपुरावा केला, तेव्हा फेंगड्या पायांत आतल्या बाजूचा आजार वाढण्याची शक्यता चौपट आणि आत वळलेल्या गुडघ्यांत बाहेरच्या बाजूची जवळजवळ पाचपट आढळली. आत वळलेल्या गुडघ्यांचा विषय हैदराबादला परका नाही. तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आंध्रातल्या फ्लोराइडग्रस्त भागातल्या लोकांच्या अशा गुडघ्यांचे वर्णन केले होते. तिथे कारण पाण्यात होते, चालीत नव्हे. पण पायाची रेषा बदलली की भाराची वाट बदलते, हा नियम तोच.

जपानी संशोधकांनी ७४ रुग्णांच्या चालीतला झोक मोजला आणि सहा वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढले. ज्यांचा झोक सुरुवातीला जास्त, त्यांचा आजार जास्त वाढलेला निघाला. हा अभ्यास २००२चा. इथपर्यंत ‘झीज’वाल्यांचे म्हणणे पुरते खोटे नाही, हे मान्य करायला हवे. भार महत्त्वाचा आहे.

पण मग वेदनेने आपली चाल बदलते, ती का? दुखऱ्या गुडघ्याचा माणूस हळू चालतो, पावले आखूड टाकतो, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढवतो. कित्येकजण पाऊल टाकताना धड दुखऱ्या बाजूला कलते करतात. आपण म्हणतो ‘आजी डुलत चालतात’, आणि नातवंडे नक्कलही करतात. त्या डुलण्यात यंत्रशास्त्र आहे. धड त्या पायावर कलले की शरीराचा मध्य गुडघ्याच्या जवळ येतो आणि झोक कमी होतो. कोणी न शिकवता शरीराने शोधलेला हा उपाय आहे. त्याची किंमत कमरेला आणि श्वासाला मोजावी लागते, हा भाग निराळा. उलट दुसरी एक सवय फसवी आहे: दुखेल या भीतीने गुडघा ताठ धरून चालणे. त्यात शॉकअब्सॉर्बर बंद पडतो, मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि सांध्यावरचा दाब वाढतो. डुलणाऱ्या आजींना मी लगेच टोकत नाही. ताठ गुडघ्याने चालणाऱ्यांना मात्र पहिल्याच दिवशी टोकते.

वेदना आणि भार यांचे नाते खरे गुंतागुंतीचे दिसते ते औषधांच्या वेळी. १९९३ साली एका प्रयोगात रुग्णांना चार आठवडे वेदनाशामक दिले. वेदना कमी झाली, आणि चालताना गुडघ्यावरचा भार वाढला. दुखणे थांबल्यावर माणूस पुन्हा भरभर, मोकळा चालू लागला, त्याचा हा परिणाम. पुढे मज्जातंतूंचे वेदनासंकेतच रोखणारी तानेझुमॅबसारखी औषधे आली. वेदना चांगलीच कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने बिघडल्यामुळे २०१० साली अमेरिकेत त्यांच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. म्हणजे वेदना नुसती भाराचा परिणाम नाही. ती भाराची राखणदारही आहे. यावरून गोळी घेऊच नये असा अर्थ काढणे चूक ठरेल. गोळीने मिळालेली मोकळीक पहिल्याच दिवशी गोवळकोंडा चढण्यात खर्च करू नये, इतकाच तिचा अर्थ.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. चपलेत बाहेरच्या कडेला उंच अशी पाचर घातली की झोक थोडा कमी होतो, हे प्रयोगशाळेत दिसते. पण ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांना वर्षभर अशा पाचरी वापरायला दिल्या, तेव्हा सपाट तळव्याच्या तुलनेत दुखण्यात फरक पडला नाही (२०११). अनवाणी चालताना नेहमीच्या बुटांपेक्षा झोक सुमारे १२ टक्के कमी असतो, असे शिकागोच्या संशोधकांना २००६ साली आढळले. त्यावरून पातळ, लवचीक तळाची पादत्राणे चांगली, असा तर्क निघाला. मग २०२१ साली १६४ रुग्णांवर सहा महिने तुलना झाली, आणि चालताना वेदना कमी झाली ती मजबूत, आधार देणारे बूट घालणाऱ्यांची. मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने दुखणे कमी होते, पण झोक जवळजवळ तसाच राहतो. भार घटला म्हणून वेदना घटते असे नाही, आणि वेदना घटण्यासाठी भार घटलाच पाहिजे असेही नाही. टायरला असे काही होत नाही. सांधा जिवंत आहे, आणि त्याचे दुखणे स्नायूंच्या ताकदीवर, सुजेवर, झोपेवर, मनातल्या भीतीवरही ठरते.

चाल मुद्दाम बदलून वेदना कमी होईल का, याचे उत्तर नुकतेच थोडे स्पष्ट झाले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत आतल्या बाजूच्या संधिवाताच्या ६८ रुग्णांची चाल तपासली. पाऊल आत किंवा बाहेर, पाच किंवा दहा अंश वळवले तर कोणत्या बदलाने गुडघ्यावरचा जोर कमी होतो, हे प्रत्येकाचे वेगळे काढले. कोणाला आत वळवणे मानवले, कोणाला बाहेर. अर्ध्यांना तो बदल सहा आठवडे शिकवला. बाकीच्यांना तसेच शिक्षण दिले, पण त्यांचे नेहमीचेच पाऊल टिकवायला सांगून. वर्षानंतर पहिल्या गटाची वेदना बाजारात सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांनी घटावी तितकी घटली, आणि एमआरआयमध्ये कूर्चेचा ऱ्हासही मंद दिसला. पाऊल आत वळवले की टाच बाहेर सरकते आणि जमिनीचा जोर गुडघ्याच्या मध्याजवळून जातो, हे त्यामागचे एक साधे कारण. पण इथे एक इशारा हवा. या रुग्णांपैकी कोणाला कोणता बदल द्यायचा हे मोजून ठरवले होते. हे वाचून उद्या सकाळी इंदिरा पार्कात सगळ्यांनी पावले आत वळवून चालू नये. चुकीच्या दिशेने वळवलेले पाऊल झोक वाढवूही शकते.

आता पुन्हा शब्दांकडे, कारण मोजमापाआधी विचारपूस असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार इंग्रजीभाषी देशांतल्या रुग्णांशी गटागटाने बोलून दोन वेगळ्या वेदना नोंदल्या गेल्या: एक सतत पार्श्वभूमीला असणारी बोथट वेदना, दुसरी अधूनमधून, अवचित येणारी तीव्र वेदना. माणसांना जास्त खचवते ती दुसरी. हे वाचताना मला वाटले, मराठीत तर यासाठी ‘ठणका’ आणि ‘कळ’ असे दोन शब्द तयारच आहेत. शिवाय चमक, सल, ठसठस, आखडणे, भरून येणे. यांतला प्रत्येक शब्द चालीविषयी काहीतरी सांगतो. ‘बसून उठताना आखडतो, चार पावलांनी सुटतो’ हे सांध्याच्या ताठरपणाचे नेमके वर्णन आहे. ‘वळताना चमक येते’ म्हटले की मी पाऊल जागेवर ठेवून गुडघ्यावर पीळ देण्याची सवय शोधते. ‘रात्री ठणकतो’ हा सुजेचा किंवा हाडाचा सुगावा असू शकतो. ‘झिजला’ या शब्दातून मला यांपैकी काहीच कळत नाही.

जगभर वापरली जाणारी वोमॅक नावाची प्रश्नावली २४ प्रश्नांची आहे: वेदनेचे पाच, ताठरपणाचे दोन, हालचालीचे सतरा. त्यात मोजे चढवणे आहे, गाडीत चढणे-उतरणे आहे, न्हाणीच्या टबात जाणे-येणे आहे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, विळीपुढे बसून भाजी चिरणे यांचा मूळ यादीत पत्ता नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने ती भारतीय राहणीला जुळवून घेतली. याच केंद्राच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर सांधेदुखीची पाहणी सुरू केली. प्रौढांपैकी सुमारे ५.८ टक्के लोकांना त्रासदायक अस्थिसंधिवात आढळला. अशा पाहणीत मानवी आकृतीवर दुखणारी जागा खूण करून दाखवायची असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही बोट ठेवता येते.

मला पर्यायी शब्द विचारला तर मी ‘कुरकुरणे’ सुचवीन. मराठीत दारही कुरकुरते आणि माणूसही. आवाज आणि तक्रार दोन्ही त्यात आले, आणि कुरकुरणाऱ्याशी बोलून त्याला शांत करता येते, हेही त्यात येते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ‘गुडघा कुरकुरतोय, कशामुळे ते बघू’ असे म्हणते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो, असे मला दिसते.

चालावे का, या प्रश्नाचे उत्तर आज बरेच निःशंक आहे. पन्नाशीपुढच्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या बाराशेहून अधिक अमेरिकी लोकांचा अभ्यास २०२२ साली आला. सुरुवातीला गुडघा वारंवार दुखत नव्हता अशांपैकी, व्यायाम म्हणून न चालणाऱ्या ३७ टक्के लोकांना पुढे वारंवार दुखणे सुरू झाले; चालणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. २०१४च्या दुसऱ्या एका अभ्यासात रोज सहा हजार पावले हा हालचाल टिकवण्याचा उपयुक्त टप्पा दिसला. एकदम तिथे पोचायचे नाही. आज जितके चालता त्यात आठवड्याला थोडी भर घाला. चालल्यानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत पहिल्यासारखे होत असेल तर मात्रा बरोबर आहे. न झाल्यास मागे या. वजन जास्त असेल तर १४२ वयस्कर, स्थूल लोकांच्या चालीवरून २००५ साली निघालेला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो.

बंजारा हिल्सच्या उतारांवर राहणाऱ्यांनी फिरण्यासाठी सपाट जागा शोधावी, निदान सुरुवातीला. घरातल्या शहाबादी फरशीवर दुखरा गुडघा घेऊन अनवाणी फिरण्यापेक्षा पायात पक्की चप्पल बरी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. गुडघा अचानक लाल, गरम, टम्म झाला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेना, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर चालण्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

राहिली काठी. आपल्याकडे ती म्हातारपणाची कबुली समजतात, म्हणून ती कोपऱ्यातच उभी राहते. घेतली तरी दहापैकी सात-आठजण ती दुखऱ्या गुडघ्याच्याच हातात धरतात, असे माझ्या पाहण्यात आहे. ती विरुद्ध हातात हवी. दुखरा पाय पुढे पडताना काठीही त्याबरोबरच पुढे पडायची, म्हणजे पायावरचे थोडे वजन हात उचलतो आणि झोक सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. काठीची उंची मनगटाच्या घडीइतकी असावी, कोपर किंचित वाकलेले राहावे. खालचे रबराचे बूच झिजले की बदलावे. तिथे मात्र हा शब्द अगदी बरोबर आहे.